हरणाऱ्याला बक्षीस की दुबळ्याला आधार?

आमच्या वस्तीतील मैदानाच्या कडेला बास्केटबॉलचे दोन खांब आहेत. एका कडीची जाळी केव्हाच फाटून गेली, तरी मुलांचा खेळ काही थांबत नाही. संध्याकाळी कचेरीतून परतताना आम्ही तेथे दोन घटका टेकतो. २०२५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला एक मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, तुम्ही हिशेबातले ना? मग हे सांगा. अमेरिकेच्या लीगमध्ये तीस संघ. सगळ्यात तळाला राहिला युटाचा. नवा चांगला खेळाडू घ्यायची पहिली पाळी त्याची हवी होती. ती गेली डॅलसकडे. डॅलस तर जवळजवळ निम्मे सामने जिंकले होते. ही लबाडी नाही का?"

आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो आणि उत्तर द्यायला आठवडा लागला. प्रश्न खेळाचा वाटला होता, निघाला न्यायाचा. जो खरोखर मागे पडला आहे त्याला हात कसा द्यावा, आणि तो हात लबाडाने पकडू नये म्हणून काय करावे, हा तो प्रश्न. तो केवळ खेळाडूंचा नाही, म्हणून वाचकांपुढे मांडत आहोत.

नव्या खेळाडूंची वाटणी

एन.बी.ए. ही जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीग. तिच्यात तीस संघ आहेत. एकोणतीस अमेरिकेतले, एक कॅनडातला. प्रत्येक संघ हंगामात ८२ सामने खेळतो. दरवर्षी कॉलेजांतून आणि परदेशांतून नवे तरुण येतात. त्यांनी कोणत्या संघात जायचे हे ते ठरवत नाहीत. संघ पाळीपाळीने एकेकाचे नाव पुकारतात. या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. ज्याची पाळी आधी, त्याला निवड मोठी.

आता एका खेळाडूने असे काय बिघडते वा सुधारते, असे कोणी विचारील. क्रिकेटमध्ये अकरा जण असतात, कबड्डीत सात. येथे मैदानात एका बाजूला पाचच असतात. त्यामुळे एक अव्वल खेळाडू सगळा संघ उचलून धरतो. २००२-०३ च्या हंगामात क्लीव्हलँडचा संघ ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकला. सोडतीत पहिली पाळी त्याला मिळाली आणि त्याने लेब्रॉन जेम्स या मुलाला घेतले. जवळच्याच अॅक्रन गावचा, एकट्या आईने हलाखीत वाढवलेला हा मुलगा. चार वर्षांत, २००७ साली, तोच संघ अंतिम फेरीत पोहोचला.

म्हणजे मूळ हेतू चांगला आहे. जो तळाला आहे त्याला चांगला खेळाडू मिळावा, म्हणजे चार वर्षांनी तोही बरोबरीने उभा राहील. पण तळाला राहण्यातच फायदा आहे असे एकदा कळले की काही जण मुद्दाम तळाला जाऊन बसतात. खोटे उत्पन्न दाखवून पिवळे रेशनकार्ड मिळवणारे आपल्या ओळखीचे आहेत. तसलाच हा प्रकार.

नाण्यापासून चेंडूंपर्यंत

१९६६ ते १९८४ या काळात लीगच्या दोन गटांतील शेवटच्या दोन संघांत नाणेफेक होत असे. १९६९ साली फिनिक्सने छापा मागितला आणि काटा पडला. त्या काट्यावर मिलवॉकीला जो खेळाडू मिळाला, तो पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने जगाला माहीत झाला. दोनच वर्षांत, १९७१ साली, मिलवॉकी विजेता ठरला. एका नाण्यावर एवढे अवलंबून होते.

पुढे ह्यूस्टनच्या संघाने ओळीने दोनदा, १९८३ आणि १९८४ साली, ही नाणेफेक जिंकली. दुसऱ्या वेळी तो संघ हंगामाच्या शेवटी मुद्दाम हरला, असा बोभाटा झाला. म्हणून १९८५ पासून सोडत आली. बाद फेरीत न पोहोचलेल्या सात संघांचे सात लिफाफे एका पिंपात टाकले, प्रत्येकाला सारखी संधी. पहिला मान न्यूयॉर्कला गेला. मोठ्या शहराच्या संघाला मिळावा म्हणून तो लिफाफा आधी थंड करून ठेवला होता, अशी वदंता उठली. ती कधीच सिद्ध झाली नाही, पण चाळीस वर्षांनीही विरली नाही. शिवाय सर्वांत कमी सामने जिंकलेल्या दोन संघांपैकी एक, गोल्डन स्टेट, त्या सोडतीत थेट सातव्या पाळीवर गेला. सर्वांना सारखी संधी म्हणजे न्याय, असे नेहमीच नसते, हे तेव्हा लीगच्या ध्यानात आले.

मग १९९० साली संधी कमीजास्त केल्या. अकरा संघांत ६६ चिठ्ठ्या वाटल्या. तळाच्या संघाला ११, वरच्याला १. तरी नशिबाचा खेळ पाहा. १९९३ साली ऑर्लंडोचा संघ ४१ सामने जिंकला आणि ४१ हरला होता. ६६ पैकी त्याची चिठ्ठी एकच. तीच निघाली. त्याच्या आदल्या वर्षीही पहिली पाळी त्यालाच मिळाली होती आणि शकील ओनील त्याच्याकडे गेला होता. ओरड झाली आणि १९९४ पासून तळाच्या संघाची संधी वाढवून २५ टक्के केली.

त्या वेळी आलेली चेंडूंची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. टेबल टेनिसच्या चेंडूंसारखे १४ चेंडू, त्यांवर १ ते १४ आकडे. यंत्रातून चार चेंडू निघतात. कोणता आधी, कोणता नंतर, हे मोजत नाहीत. चौदांतून चारांचे गट किती होतील? १४ गुणिले १३ गुणिले १२ गुणिले ११ म्हणजे २४,०२४. त्याला २४ ने भागले की १,००१. त्यांतला एक गट कोणाचाच नाही. तो निघाला तर पुन्हा चेंडू काढायचे. उरलेले १,००० गट संघांत वाटलेले असतात. २५ टक्के म्हणजे २५० गट.

फिलाडेल्फियाचा धडा

संधी वाढवली तसा हरण्याचा भावही वाढला. फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापनाने २०१३ पासून उघडच धोरण धरले. चांगले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकायचे, बदल्यात पुढच्या वर्षांच्या पाळ्या गोळा करायच्या आणि दिवस काढायचे. तीन हंगामांत तो संघ १९, १८ आणि १० सामने जिंकला. बेरीज ४७. हरला १९९. एका हंगामात तर ओळीने २६ सामने हरला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मैदानातली पोरे मुद्दाम हरत नव्हती. त्यांना पोटापाण्यासाठी आपला खेळ दाखवायचाच होता. दुबळा संघ बांधला तो वर बसलेल्यांनी. आणि त्यांचे फारसे बिघडतही नाही. युरोपच्या फुटबॉलमध्ये शेवटी राहिलेला संघ खालच्या वर्गात ढकलला जातो. या लीगमध्ये तसे होत नाही. दूरदर्शन हक्कांच्या पैशातला वाटाही शेवटच्या संघाच्या मालकाला इतरांइतकाच मिळतो. झळ बसते ती घामाच्या पैशाने तिकीट काढून मुलांना सामना दाखवायला नेणाऱ्या बापाला.

दुबळ्याला हात दिला की तो हातपाय हलवत नाही, असे बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना फिलाडेल्फियाचा दाखला गोड वाटेल. पण तो दाखला त्यांच्या उपयोगाचा नाही. तेथे दुबळा कोणी नव्हताच. अब्जाधीश मालकाच्या संघाने दुबळेपणाचा सदरा अंगात चढवला होता. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मागे ठेवले गेले, त्याची यांच्याशी बरोबरी करणे हाच अन्याय आहे. खोटा अर्ज आला म्हणून खऱ्या गरजवंताची योजना बंद करत नाहीत. अर्ज तपासण्याची रीत सुधारतात.

सुधारणा झाली, पण कोणाची?

लीगने २०१४ साली नियम बदलण्याचा ठराव आणला. तीसपैकी २३ मते हवी होती, १७ च पडली. पुढे २०१७ साली ठराव मंजूर झाला आणि २०१९ च्या सोडतीपासून लागू झाला. तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, प्रत्येकी १४ टक्के संधी. पहिल्या चार पाळ्या चेंडूंवर, बाकीच्या हार-जितीच्या क्रमाने. हेतू असा की अगदी शेवटी राहण्यासाठी धडपड करण्यात अर्थ उरू नये.

पण याची दुसरी बाजू आहे. या रीतीत सर्वांत तळाचा संघ पाचव्या पाळीवर घसरण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के येते. म्हणजे निम्म्या वेळा. आणि झालेही तसेच. २०२३ साली तळाला डेट्रॉइट, पाळी पाचवी. २०२४ साली पुन्हा डेट्रॉइट, त्या हंगामात ओळीने २८ सामने हरलेला. पाळी पुन्हा पाचवी. २०२५ साली युटा, पाळी पाचवीच. ओळीने तीन वर्षे असे घडण्याची शक्यता साधारण नवांत एक. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत तळाच्या संघाला पहिली पाळी एकदाही मिळाली नाही. त्याचीही शक्यता आम्ही काढली; ती तिनांत एक भरते. म्हणजे हे लबाडीवाचूनही घडू शकते.

डॅलसचे काय? तो संघ ३९ सामने जिंकला होता आणि ४३ हरला होता. १,००० पैकी त्याचे गट १८. त्यांतला एक निघाला आणि कूपर फ्लॅग त्याच्याकडे गेला. हजारात अठरा म्हणजे छप्पन्न वेळांत एकदा. दुर्मिळ, पण अशक्य नव्हे. मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच. लबाडी झाली असे म्हणायला आधार नाही. पण लबाडी नाही म्हणजे न्याय झाला, असेही नाही.

आणखी तीन वाटा

बोस्टन संघाचे माइक झॅरन यांनी एक चक्र सुचवले होते. २०१३ साली त्याची बरीच चर्चा झाली. तीस संघ, तीस वर्षे. प्रत्येकाला पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत प्रत्येक पाळी एकदाच, कधी कोणती ते आधीच ठरलेले. आपल्या बायाबापड्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ही भिशी आहे. हरून फायदा नाही, म्हणून कोणी हरणार नाही. पण भिशीत ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला आधी उचल देण्याची माणुसकी असते. या चक्रात ती नाही. तळाच्या संघाची पाळी पंधरा वर्षांनी असेल तर त्याने तोवर काय करावे?

दुसरी वाट अॅडम गोल्ड यांनी २०१२ साली मांडली. संघ बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडला की त्या दिवसापासून त्याचे विजय मोजायचे. असे विजय ज्याचे जास्त, पहिली पाळी त्याची. जो लवकर बाहेर पडतो तो दुबळा. त्याला मोजणीसाठी सामनेही जास्त मिळतात. उत्तर अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगने, पी.डब्ल्यू.एच.एल.ने, २०२३-२४ च्या आपल्या पहिल्याच हंगामापासून ही रीत घेतली. शेवटच्या दिवसापर्यंत जिंकावेसे वाटते, हा तिचा मोठा गुण. मात्र जो इतका दुबळा आहे की जिंकूच शकत नाही, त्याला ती तारत नाही.

तिसरी वाट अमेरिकेच्याच महिला बास्केटबॉल लीगने दाखवली. डब्ल्यू.एन.बी.ए.मध्ये सोडतीच्या संधी ठरवताना एका नव्हे, दोन हंगामांची बेरीज धरली गेली. यातील शहाणपण आम्हाला फार पटले. का, ते सॅन अँटोनियोच्या उदाहरणाने कळेल. १९९५-९६ मध्ये तो संघ ५९ सामने जिंकला होता. पुढच्या हंगामात त्यांचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाला आणि संघ २० वर आला. १९९७ च्या सोडतीत पहिली पाळी त्यालाच मिळाली. टिम डंकन आला, रॉबिन्सन बरा झाला आणि १९९९ साली संघ विजेता. श्रीमंत माणूस एक महिना तापाने पडला म्हणून त्याला दारिद्र्यरेषेखाली धरायचे का?

आमची मांडणी

आम्ही कारकून माणूस. कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि चार कलमे लिहिली.

पहिले कलम : गरज तीन हंगामांच्या बेरजेने मोजावी. प्रत्येकी ८२ म्हणजे २४६ सामने. एका वर्षाचे सोंग आणता येते, तीन वर्षांचे सोंग महागात पडते. सॅन अँटोनियोसारखा एका वर्षाचा आजारी या यादीत वर चढणार नाही.

दुसरे कलम : दर हंगामात ६० सामने झाले की गरजेची वही बंद करावी. त्यानंतरची हार कोणाच्याही खात्यात जमा होऊ नये. लीगला नेहमी डोकेदुखी होते ती शेवटच्या दिवसांचीच. २०२३ च्या एप्रिलमध्ये डॅलसने शर्यतीत असतानाही प्रमुख खेळाडू बसवून ठेवले. लीगने त्याला साडेसात लाख डॉलर दंड केला. दंड भरून फायदा उरत असेल तर दंडाला कोण भितो? हरण्यातला नफाच काढून घेतला पाहिजे.

तिसरे कलम : ज्याला पहिल्या तीन पाळ्यांपैकी एक मिळाली, त्याने पुढच्या दोन सोडतींत पहिल्या तिनांसाठी उभे राहू नये. सरकारी घरांच्या सोडतीत ज्याच्या नावावर घर आहे त्याचा अर्ज बाद होतो. तसेच हे. हे कलम असते तर १९९३ साली ऑर्लंडोला बाजूला बसावे लागले असते. २०११, २०१३ आणि २०१४, अशा चार वर्षांत तीन पहिल्या पाळ्या क्लीव्हलँडला मिळाल्या, तेही घडले नसते. फिलाडेल्फियाला २०१४ आणि २०१५ साली तिसरी आणि २०१६ साली पहिली पाळी मिळाली. त्यांची तीन वर्षांची युक्ती या कलमावर आपटली असती.

चौथे कलम : तिसऱ्या कलमानंतर जो सर्वांत गरजू उरतो, तो तिसऱ्या पाळीच्या खाली जाऊ नये. नशीब असू द्यावे, पण खऱ्या गरजवंताला त्याने ओळीने रिकाम्या हाती परत पाठवू नये. डेट्रॉइटला २०२१ साली पहिली पाळी मिळाली होती. दोन वर्षे थांबून २०२४ साली तो पुन्हा हक्काने उभा राहिला असता आणि तीन हंगामांच्या बेरजेतही तळालाच असल्याने पाचवीवर घसरला नसता.

या चारांबरोबर एक साधी मागणी. चेंडू आधी बंद खोलीत काढतात. तेथे संघांचे प्रतिनिधी, हिशेब तपासनीस आणि पत्रकार साक्षीला असतात, मोबाईल बाहेर ठेवलेले असतात. नंतर दूरदर्शनवर नुसते लिफाफे उघडतात. व्यवहार चोख असेलही. पण तो लोकांसमोर व्हावा. १९८५ च्या थंड लिफाफ्याची गोष्ट अजून का चालते, याचे उत्तर त्या बंद दारात आहे.

आमच्या मांडणीत खोट आहे का? आहे. ६० सामन्यांच्या आत कोणी हरण्याचा घाट घालू शकेल. पण तेव्हा हंगाम ऐन भरात असतो, प्रेक्षक पाहत असतात आणि तीन वर्षांच्या बेरजेत त्या हारीचे वजन थोडेच पडते. लबाडी पूर्णपणे बंद करणारा नियम आम्हाला माहीत नाही. ती परवडू नये एवढे करता येते.

आणि त्या पोराला कोणी विचारले?

हे सगळे आम्ही त्या मुलाला कागदावर दाखवले. त्याने मन लावून ऐकले आणि म्हणाला, "काका, संघांचा न्याय झाला. पण ज्याला उचलून नेतात, त्याला कोणी विचारतं का, तुला कुठं खेळायचंय?"

आम्ही गप्प झालो. इतका वेळ आम्ही मालकांमधली वाटणी न्याय्य करत होतो. वाटले जात होते ते माणूस, हे विसरलो होतो.

या लीगचा इतिहासही हेच सांगतो. १९५० साली बोस्टनने चक कूपर यांचे नाव पुकारले, तोवर ड्राफ्टमध्ये कोणाही कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव पुकारले गेले नव्हते. गुण नव्हते म्हणून नव्हे, दार बंद होते म्हणून. मिसिसिपीत लहानपणी कापूस वेचलेले स्पेन्सर हेवूड यांना शाळा संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत लीगमध्ये येण्याची बंदी होती. घरची गरिबी थांबायला तयार नव्हती. ते न्यायालयात गेले आणि १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने लागला. खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० साली खटला भरला. खेळाडूला एकाच संघाला जखडून ठेवण्याची रीत १९७६ च्या तडजोडीने मोडली. यांतले काहीही मालकांनी आपण होऊन दिले नाही. संघटना आणि न्यायालय, या दोन दारांतून ते आले.

आणि २०२४ साली अमेरिकेच्या महिला फुटबॉल लीगमध्ये खेळाडूंच्या संघटनेने नव्या करारात ड्राफ्टच रद्द करून घेतला. आता तेथे मुलगी स्वतः ठरवते, कोणत्या संघाशी करार करायचा. ही वाट बास्केटबॉललाही बंद नाही. मोठ्या शहरांचे श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू ओढून नेतील, ही भीती खरी आहे. पण पगारावर मर्यादा आहेच. तळाच्या संघाला जास्त पगार देण्याची मुभा दिली तर त्याला आधारही मिळेल आणि मुलाचा होकारही घेतला जाईल. तोवर सोडत राहणारच असेल तर निदान ती गरज पाहणारी असावी.

घरी करून पाहण्याजोगे एक काम सुचवतो. मुलांना घेऊन बसा. चौदा चिठ्ठ्यांवर १ ते १४ आकडे घाला, डब्यात टाका आणि न पाहता चार काढा. आधी पाचवीतल्या मुलीला विचारा, असे किती वेगवेगळे गट होतील. ती शंभर म्हणेल, दोनशे म्हणेल. मग १,००१ पर्यंतचा हिशेब तिच्या हाताने करवून घ्या. उद्या कोणत्याही सोडतीच्या खिडकीपुढे ती उभी राहील तेव्हा तिला विचारता आले पाहिजे : चिठ्ठ्या किती, कोणाच्या किती, आणि डबा कोणासमोर उघडला?